वसईचा पाषाण, गोव्याचे मंदिर

आपली चर्चमंदिरे परकी आहेत, असे विधान आपल्या कानांवर अनेकदा येते. उंच दर्शनी भिंत, गोल कमानी, ग्रीक-रोमन स्तंभ आणि घंटाघर ही रचना युरोपातून आली, हे निर्विवाद आहे. परंतु वास्तू केवळ आराखड्याने उभी राहत नाही. तिला दगड लागतो, चुना लागतो आणि तो दगड घडविणारा हातही लागतो. या तिन्ही गोष्टी कोठून आल्या, याचा शोध घेतला तर वरील विधान अर्धेच खरे ठरते.

सोळाव्या शतकापासून स्पेन व पोर्तुगाल या देशांतील मिशनरींनी मेक्सिकोपासून फिलिपिन्सपर्यंत आणि ब्राझीलपासून गोव्यापर्यंत मंदिरे उभारली. १५८० ते १६४० या साठ वर्षांत तर दोन्ही देशांवर एकाच राजाची सत्ता होती. जुन्या गोव्यातील बॉम जेजूचे मंदिर याच काळातले. त्याची पायाभरणी १५९४ मध्ये झाली आणि १६०५ मध्ये ते उपासनेसाठी अर्पण करण्यात आले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव आज तेथेच आहे.

या मंदिराच्या भिंती गोव्यातील तांबड्या जांभा दगडाच्या आहेत. जांभा सहज कापता येतो, परंतु तो सच्छिद्र असल्यामुळे त्यावर बारीक नक्षी टिकत नाही. म्हणून दर्शनी भागाचे स्तंभ व कोरीवकाम यांसाठी काळा पाषाण हवा होता. तो समुद्रमार्गे आणला गेला वसईहून! १५३४ पासून वसई पोर्तुगीजांकडे होती आणि तेथील किल्ल्यात येशूसंघीय, फ्रान्सिस्कन व डोमिनिकन यांची मंदिरे उभी राहिली होती. बॉम जेजूच्या शिखरभागी कोरलेली येशूनामाची अक्षरे ज्यांनी पाहिली असतील, त्यांनी तो काळा दगडही पाहिला आहे. हाच पाषाण सह्याद्री ओलांडून मराठवाड्यापर्यंत पसरला आहे. आमच्या ढोकीच्या शिवारात नांगराला जो दगड लागतो, तो त्याच कुळातला.

आता हातांविषयी. गोव्यातील वेद्यांमागे सोन्याचा मुलामा दिलेले जे भव्य लाकडी कोरीवकाम दिसते, ते घडविण्यात स्थानिक सुतार, मूर्तिकार व सोनार यांचा मोठा वाटा होता. त्यांपैकी अनेकजण ख्रिस्ती नव्हते. १५६७ च्या गोव्यातील पहिल्या प्रांतिक परिषदेने अख्रिस्ती कारागिरांकडून पवित्र प्रतिमा व उपासनेच्या वस्तू करवून घेण्यास मनाई केली. जे घडतच नाही त्यावर कोणी बंदी घालीत नसते. त्या हातांची खूण लाकडातही उरली आहे. गोव्यातील काही प्रवचनपीठांना खालून नागकन्यांनी आधार दिलेला आहे. त्यांचे कुळ लिस्बनच्या कार्यशाळेत शोधून सापडणार नाही, ते आपल्याकडील मंदिरशिल्पात सापडेल.

मात्र या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. याच सोळाव्या शतकात राजसत्तेच्या आज्ञेने गोव्यातील कितीतरी हिंदू देवळे पाडली गेली. बोरिवलीजवळ मंडपेश्वर येथे फ्रान्सिस्कनांनी प्राचीन शैव लेण्याला लागूनच आपले मंदिर बांधले आणि लेणेही वापरात घेतले. ज्या कारागिरांनी आपल्या वेद्या सजविल्या, त्यांतील काहींनी स्वतःचे देऊळ गमावले असेल. वेदीवरील सोने पाहताना हेही स्मरणात असावे.

फिलिपिन्समध्ये स्पॅनिश मिशनरींच्या मंदिरांतही स्थानिक भूमी अशीच बोलते. मियागाव येथील ऑगस्टिनियन मंदिर १७९७ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या दर्शनी भिंतीवर बाळ येशूला खांद्यावर घेतलेला संत क्रिस्टोफर आहे आणि त्याच्याभोवती नारळ, पपई व पेरू यांची झाडे आहेत! पावाय येथील मंदिराच्या बाजूंना प्रचंड आधारभिंती आहेत, तर घंटाघर मंदिरापासून दूर बांधले आहे. कारण तेथे भूकंप नित्याचे. घंटाघर कोसळले तरी ते श्रद्धावंतांच्या मस्तकावर पडू नये, ही त्यामागची दृष्टी.

भूकंप म्हणताच आपल्या जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवल्याशिवाय राहत नाही. किल्लारी, लोहारा, उमरगा या परिसरात माळवदाची घरे कोसळली आणि हजारो माणसे गाडली गेली. तेव्हापासून दगडाचे नाव काढले तरी लोकांना भय वाटते. परंतु घात दगडाने नव्हे, बांधणीने केला. चिखलात रचलेल्या जाड भिंती, दोन्ही थरांना आरपार सांधणाऱ्या दगडांचा अभाव आणि वर मातीचे जड छत, यांमुळे त्या भिंती उकलल्या. भूमी काय मागते हे ओळखून बांधणे, हा धडा पावाय शिकविते आणि किल्लारीही.

बांधलेले राखणे हा दुसरा धडा. जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा हे वस्त्र होते. तो पाऊस अडवी आणि भिंतीला श्वास घेऊ देई. १९५० च्या दशकात बॉम जेजूचा गिलावा जुनेपणा दिसावा म्हणून काढण्यात आला. तेव्हापासून उघडा जांभा पावसाळ्यागणिक झिजत आहे. ज्या तांबूस भिंतींचे आपण कौतुक करतो, ते त्या वास्तूचे मूळ रूप नव्हेच. वसईच्या किल्ल्यातील मंदिरे १७३९ च्या मराठी विजयानंतर हळूहळू ओस पडली. त्यांच्या काही घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा त्यांतलीच मानली जाते.

आज अनेक धर्मग्रामांत जुन्या मंदिराची डागडुजी निघाली की सिमेंटची पोती येतात. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापले की ओल आत कोंडते आणि भिंत आतून कुजते. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याला विचारावे, मग ठेकेदाराला. नवे मंदिर बांधावयाचे असेल, तर गोव्याच्या दर्शनी भिंतीची सिमेंटमधील नक्कल करण्याचीही गरज नाही. ढोकीजवळच्या तेर येथे त्रिविक्रमाचे प्राचीन मंदिर भाजक्या विटांचे आहे. मुळात ते चैत्यगृह असावे, असे अभ्यासक मानतात. या मातीला बांधकाम नवे नाही. प्रभूचे मंदिर येथील मातीचे आणि येथील हातांचे असेल, तर त्याला परके म्हणणे कोणालाही सोपे जाणार नाही.