दोषाचा माग

अहिल्यानगर (पूर्वींच्या अहमदनगर) जिल्ह्यांत, प्रवरेकांठच्या नेवाशांत शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली. पुढें नकलेवरून नक्कल होतां होतां पाठ बिघडले. शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ग्रंथ शोधला, तेव्हां मूळ ग्रंथ शुद्धच होता, दोष पाठांतरानें शिरला, असा निर्वाळा त्यांनीं अखेरीस दिला. दोष दिसतो तेथेंच उपजलेला नसतो. हातोहात मागें जावें लागतें.

गणकयंत्राच्या आज्ञावलींतही हेंच घडलें. १९४९ च्या मे महिन्यांत केंब्रिजला एड्सॅक यंत्र चालूं लागलें. लवकरच त्याचे जनक मॉरिस विल्क्स यांना जिन्याच्या वळणावर उमगलें कीं, उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच चुका शोधण्यांत जाणार! त्यांचे सहकारी स्टॅनली गिल यांनीं १९५१ मध्यें उपाय मांडला: प्रत्येक आज्ञा पार पडतांना तिचें अक्षर छापून घ्यावें. वाट कळे, पण मुंगीच्या पावलांनीं.

खरा माग लागला तो उतरंडीमुळें. एका आज्ञावलीनें दुसरीला, दुसरीनें तिसरीला काम सांगितलें, कीं परतण्याचीं ठिकाणें गाडग्यांसारखीं एकावर एक रचलीं जातात. शेवटचें आधीं उतरतें. बाउअर व सामेलझोन ह्या जर्मन पंडितांनीं १९५७ मध्यें अशा रचनेचें पेटंट मागितलें. हाच ‘स्टॅक’. मध्येंच घात झाल्यास ही उतरंड वाचावी, म्हणजे कोणीं कोणास बोलाविलें तें समजतें. ह्या वृत्तांतास ‘स्टॅक ट्रेस’ म्हणतात.

पण समजतें कोणास? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० मध्यें सुरू झालेल्या टिफ्रॅक यंत्राच्या आज्ञावल्याच आंकड्यांत असत. तेथें तक्रारीस जागा नव्हती. पुढें आज्ञावल्या शब्दांत लिहिल्या जाऊं लागल्या, तरी बरेच दिवस दोषाचा वृत्तांत आंकड्यांच्या रांगांनींच येई. मराठींत अर्ज करावा आणि निकाल मोडींत मिळावा, तसेंच हें.

१९९१ मध्यें प्रसिद्ध झालेली पायथन भाषा फाइलीचें नांव, ओळीचा क्रमांक आणि ती ओळही छापते. अगदीं अलीकडची घटना तळाशीं. जावा भाषेंत ती माथ्यावर. लांब उतरंडींत पायथनचाच क्रम सोयीचा, कारण पडदा सरकून थांबतो तो तळाशीं. एखादें कार्य स्वतःलाच बोलावीत राहिलें, तर पूर्वीं तीच ओळ सुमारें हजार वेळां छापली जाई. २०१६ पासून पायथन ती तीनदां छापून पुढें किती वेळां आली तेवढें सांगते. २०२२ पासून ओळींतील नेमक्या भागाखालीं खूणही होते. एका ओळींत तीन भागाकार असले, तर शून्यानें कोठें भागलें तें त्या खुणेवरून दिसतें.