जॉन लुईस : मताच्या हक्कासाठी लाठ्या खाणारा नेता

शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना मतदानाचा हक्क आम्ही दोन मिनिटांत उरकतो. अठरा वर्षं झाली की मत देता येतं, बस्स. आपल्याकडे पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीपासून सर्व प्रौढांना हा हक्क मिळाला, म्हणून त्याची किंमत मुलांना चटकन कळत नाही. अमेरिकेतले खासदार जॉन लुईस यांची हयात वाचली की ती कळते.

लुईस यांचा जन्म २१ फेब्रुवारी १९४० चा, अलाबामा राज्यातल्या ट्रॉय गावाजवळचा. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर बटाईने शेती करायचे. १९५६ मध्ये ते गावच्या वाचनालयात कार्ड मागायला गेले, तर 'हे फक्त गोऱ्यांसाठी आहे' म्हणून परत पाठवलं. पुढे नॅशव्हिलला शिकताना त्यांना जेम्स लॉसन हे गुरू भेटले. हे लॉसन १९५३ ते १९५६ या काळात आपल्या नागपुरात होते, हिस्लॉप कॉलेजशी जोडलेले होते. गांधीजींचा सत्याग्रह त्यांनी इथे समजून घेतला आणि तिकडे जाऊन विद्यार्थ्यांना शिकवला. मार पडला तरी हात उगारायचा नाही, हा धडा लुईस यांनी आयुष्यभर पाळला. चाळीसहून अधिक वेळा त्यांना अटक झाली.

कागदावर कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क १८७० मध्येच मिळाला होता. पण दक्षिणेतल्या राज्यांत यादीत नावच चढू देत नसत. कुठे मतदानासाठी कर, कुठे साक्षरतेची परीक्षा, आणि पास-नापास ठरवणारा कारकून गोरा. सेल्मा शहराच्या परिसरात निम्मी वस्ती कृष्णवर्णीय, पण त्यांच्यातल्या मतदानाच्या वयाच्या शंभर माणसांमागे जेमतेम दोघांचं नाव यादीत होतं.

७ मार्च १९६५ ला सुमारे ६०० लोक सेल्माच्या एडमंड पेटस पुलावरून शांतपणे निघाले. पुढे २५ वर्षांचे लुईस आणि त्यांचे साथी होझिया विल्यम्स. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लाठ्या चालवल्या, घोडे घातले. लुईस यांची कवटी फुटली. हा जुल्म टीव्हीवर साऱ्या देशाने पाहिला आणि ६ ऑगस्ट १९६५ ला मतदान हक्क कायदा झाला.

लुईस तिथेच थांबले नाहीत. १९७० पासून सात वर्षं त्यांनी मतदार नोंदणीची मोठी मोहीम चालवली. १९८१ मध्ये अटलांटाच्या नगर परिषदेवर आणि १९८६ मध्ये संसदेवर निवडून आले. १७ जुलै २०२० ला इंतकाल होईपर्यंत ते खासदार होते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदान हक्क कायद्याचा महत्त्वाचा भाग रद्द ठरवला, तेव्हा या वयातही ते पुन्हा लढायला उभे राहिले. जानेवारी २०१७ मध्ये सात मुस्लिमबहुल देशांच्या लोकांना अमेरिकेत प्रवेशबंदी झाली. त्या वेळी ७६ वर्षांचे लुईस अटलांटाच्या विमानतळावर गेले, किती जणांना अडवलंय ते विचारलं आणि नीट जवाब मिळेना तेव्हा तिथेच बसून राहिले.

ज्या वाचनालयाने कार्ड नाकारलं, तिथेच १९९८ मध्ये त्यांना बोलावून कार्ड दिलं गेलं. बेचाळीस वर्षांनी!

आता आपल्याकडे पाहू. आपली नावं उर्दूतून मराठीत आणि इंग्रजीत जाताना बदलतात. शेखचा शेक होतो, आधारवर एक आणि मतदार यादीत दुसरंच नाव असतं. निवडणूक जाहीर झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आजच घरातल्या सगळ्यांची नावं यादीत तपासा. नवीन नावासाठी नमुना ६, दुरुस्तीसाठी नमुना ८. घरात नव्याने आलेली सून आणि नुकतीच अठरा वर्षांची झालेली मुलगी यांची नावं बहुतेक वेळा राहून जातात, ती आधी बघा. आपल्याला पूल ओलांडायचा नाही, फक्त एक अर्ज भरायचा आहे.