लिंगमळ्याचा सिंकोना आणि आत्याची नाडी

बरेच दिवस हे लिहायचं टाळत होतो. घरातली मंडळी इथे डोकावतात, आत्यासुद्धा मुलाच्या लॅपटॉपवर वाचते, त्यामुळे जरा अवघडच होतं. पण परवा तीच म्हणाली, "लिही रे, लपवायचंय काय त्यात?"

परवा म्हणजे महाबळेश्वरला. आत्या वाईची, पसरणीचा घाट चढलं की आलंच. बाकीचे लिंगमळ्याचा धबधबा बघायला खाली उतरले. आत्याला आता पायऱ्या जमत नाहीत, म्हणून आम्ही दोघं वरच बसलो. वेळ होता आणि मला जुन्या गोष्टी सांगायची खोड, त्यामुळे तिला सांगायला लागलो की याच लिंगमळ्याला १८६० च्या दशकात इंग्रज सरकारने सिंकोनाची लागवड करून पाहिली होती. सिंकोना म्हणजे ज्याच्या सालीतून कोयनेल निघतं ते झाड. १८६० साली मार्कहॅमने दक्षिण अमेरिकेतून रोपं आणि बी आणवलं. निलगिरीत ते रुजलं, तसं इथेही रुजेल असा हिशोब होता. पण चार महिन्यांत सहा हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा आपला पाऊस त्या झाडांना मानवला नाही, आणि काही वर्षांत प्रयोग गुंडाळला. पुढे कोयनेलचा सगळा बाजार जावातल्या डचांनी काबीज केला.

"हिवतापाचं ना ते?" आत्या म्हणाली. "माझ्याशी त्याचा काय संबंध?"

संबंध आहे. आत्याला एट्रियल फिब्रिलेशन आहे. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात आणि नाडी कशीही, बेताल पडते. १९१२ साली वेंकेबाख नावाच्या डच डॉक्टरकडे असाच एक व्यापारी आला. डॉक्टर म्हणाले, यावर माझ्याकडे उपाय नाही. व्यापारी म्हणाला, मग मीच उद्या नाडी सरळ करून येतो. आणि आला की! त्याने एक ग्रॅम कोयनेल घेतलं होतं. पूर्वेकडच्या देशांत धंदा केलेला माणूस, हिवतापासाठी घेता घेता त्याला हा शोध लागला होता. वेंकेबाख यांचा मोठेपणा असा की त्यांनी पेशंटचं ऐकून घेतलं आणि १९१४ च्या आपल्या पुस्तकात ते लिहूनही ठेवलं. १९१८ साली फ्रे या डॉक्टरने त्याच सालीतलं कोयनेलचं भावंड, क्विनिडीन, या कामाला जास्त चांगलं असल्याचं दाखवलं. पुढे कितीतरी वर्षं ते वापरात होतं.

इथवर गोष्ट छान आहे. पण १९९० साली सहा चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले, तर निघालं भलतंच. क्विनिडीन घेणाऱ्यांची नाडी जास्त काळ सरळ राहत होती हे खरं, पण न घेणाऱ्यांच्या मानाने त्यांच्यात मरणाऱ्यांचं प्रमाण तिपटीहून जास्त होतं.

दुसरी बाजू मेंदूची. कप्पा थरथरतो तेव्हा आतलं रक्त साचून राहतं, त्याची गुठळी होते आणि ती सुटून मेंदूकडे गेली की अर्धांगवायू. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या लोकांना वर्षानुवर्षं तपासून १९७८ साली आकडा मांडला गेला: एट्रियल फिब्रिलेशन असेल तर हा धोका पाचपटीहून जास्त, आणि सांधेतापाने झडप खराब झालेली असेल तर सतरापट. आत्याला लहानपणी सांधेताप झाला होता. यावरचं औषध वॉरफरिन, रक्त पातळ ठेवणारं. १९४८ मध्ये ते बाजारात आलं ते उंदीर मारायला! माणसांना द्यायला लागले त्यानंतर काही वर्षांनी, आणि या आजारात ते स्ट्रोक टाळतं हे चाचणीत दिसायला १९८९ उजाडलं.

आता माझा पराक्रम. दोन वर्षांपूर्वी गोळ्यांनी आत्याची नाडी सरळ झाली. कार्डिओग्राम स्वच्छ. वॉरफरिनसाठी दर महिन्याला आयएनआर तपासायला सुई टोचायची, पालेभाजी मोजून खायची, याला ती कंटाळली होती. मी तिची नाडी मोजली आणि मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "आत्या, आता घड्याळासारखी चाललीय. कशाला घेतेस ते उंदराचं औषध?" तिने बंद केलं. डॉक्टरांना आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

अकराव्या आठवड्यात तांदूळ निवडताना तिच्या हातातलं ताट घसरलं आणि तोंड वाकडं झालं. साताऱ्याला वेळेत पोचलो म्हणून बोलणं परत आलं. उजव्या हाताची बोटं मात्र अजून ब्लाउजचे हूक लावत नाहीत.

डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही मोजली तेव्हा नाडी सरळ होती. रात्री दोन वाजता कोण मोजत होतं?"

नंतर मी वाचत सुटलो (आधी वाचायला काय झालं होतं?). २००२ साली अमेरिकेत चार हजारांवर पेशंटांची मोठी चाचणी झाली. निम्म्यांची नाडी सरळ करायची, निम्म्यांचा फक्त वेग आवरायचा. नाडी सरळ केलेले काही जास्त जगले नाहीत. आणि दोन्ही गटांत ज्यांना स्ट्रोक आले, त्यातले बहुतेक वॉरफरिन बंद केलेले किंवा ते कमी पडत असलेले. आमचंच घर जणू. २०२० च्या एका चाचणीत लवकर नाडी सरळ केल्याचा फायदा दिसलाय, पण तिथेही रक्त पातळ ठेवणं चालूच होतं. ते काम वेगळं, हे वेगळं. डॉक्टरलोकांनाही हे कळायला जन्म गेला, हे सांगून मी स्वतःला सोडवू बघतो, पण तसं होत नाही.

नव्या गोळ्या आल्यात, त्यांना दरमहा सुई लागत नाही. त्या द्या म्हणून मी हट्ट धरला होता. पण सांधेतापाच्या झडपवाल्या साडेचार हजार पेशंटांवर २४ देशांत झालेल्या चाचणीत, २०२२ साली, जुनं वॉरफरिनच सरस ठरलं; मृत्यू कमी झाले. म्हणजे आत्याची सुई काही चुकत नाही.

"मग त्या सिंकोनाचं एखादं झाड राहिलं असेल का रे इथे?" आत्याने विचारलं. मी इकडेतिकडे पाहिलं. जांभळी आणि गेळा तेवढे ओळखता आले. तेवढ्यात खालून मंडळी वर आली, कुणीतरी कणसं आणली होती. आत्याने डाव्या हाताने एक घेतलं आणि म्हणाली, "गुरुवारी आयएनआर आहे, लक्षात ठेव."

गुरुवारी २.४ आला.