चाकाचा आउट

गेले काही भाग आपण तोफा, पूल आणि रेल्वे यांच्याविषयी बोललो. आजचा विषय ऐकून काही जण हसतील. आज बोलायचं आहे सायकलच्या चाकाविषयी. तेही अख्खं चाक नाही, फक्त त्याच्या तारा, आणि त्या तारा हाताने भरून चाक सरळ करणारा माणूस.

पुण्यात वाढलेल्यांना "आउट काढणं" म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही. इंदूर, बडोदा, हैदराबादकडच्या श्रोत्यांसाठी सांगतो. फिरताना चाक डावी-उजवीकडे डुलायला लागलं की ते "आउट" झालं. तारा सैल-घट्ट करून त्याला पुन्हा सरळ आणणं म्हणजे आउट काढणं.

हा विषय मी का निवडला त्याला एक कारण आहे, आणि ते मला भूषणावह नाही. १९८०च्या दशकात मी तरुण कॅप्टन होतो, पंजाबातल्या एका छावणीत. आमच्या युनिटची हिमाचलात सायकल मोहीम ठरली. साध्या काळ्या सायकली, मागच्या कॅरिअरवर सामान. निघायच्या आदल्या रात्री मी चावी घेतली आणि मागची काही चाकं स्वतः आवळली. घाटाचा रस्ता, वर ओझं. तेव्हा चाक जितकं घट्ट तितकं मजबूत, असा माझा हिशेब. पदवीधर होतो, अधिकारी होतो, कुणाला विचारायची गरज वाटली नाही.

तिसऱ्या दिवशी उतारावर, एका वळणावर, एका लान्स नाईकचं मागचं चाक खड्ड्यात तिरकं आपटलं आणि तव्यावरच्या पापडासारखं वळलं. तो रस्त्यावर फेकला गेला. खांद्याचं हाड मोडलं. परत आल्यावर कमांडिंग ऑफिसरनी विचारलं, "हे चाक कुणी आवळलं होतं?" मी म्हणालो, "मी, सर." ते रागावले नाहीत. म्हणाले, "मग आता ज्याला कळतं त्याच्याकडे जा आणि शिकून ये."

छावणीच्या फाटकाबाहेर एक म्हातारे मिस्त्री बसत. फाळणीत पलीकडून आलेले. त्याच मोहिमेतलं मी आवळलेलं दुसरं चाक त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी नखाने एक तार छेडली, मग शेजारची, मग तिसरी. मान हलवली आणि म्हणाले, "साब, रिम का दम निकाल दिया आपने."

हे "दम निकाल दिया" समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

बैलगाडीचं चाक आठवा. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले जाड लाकडी आरे, बाहेर लोखंडी धाव. गाडीचं ओझं तुंब्यावर येतं, तुंबा खालच्या आऱ्यावर उभा राहतो, आरा जमिनीवर. खांबावर छप्पर उभं राहावं तसं. म्हणून आरा जाड लागतो आणि चाक जड होतं.

आता सायकलची तार पाहा. जाडी दोन मिलिमीटर. तिच्यावर उभं राहायचं म्हटलं तर ती वाकणार. दाब तिला सोसत नाही, ओढ मात्र भरपूर सोसते. हा विचार आधी ज्यांच्या डोक्यात आला त्यांत इंग्लंडचे सर जॉर्ज केली होते. १८०८ साली, उडत्या यंत्रासाठी हलकं चाक कसं करावं याचा विचार करताना त्यांनी ताणलेल्या दोऱ्यांच्या चाकाची कल्पना टिपून ठेवली. म्हणजे सायकलच्या चाकाची कल्पना सायकलच्या आधी, विमानाच्या स्वप्नातून आली. पुढे १८६९ साली पॅरिसमध्ये यूजीन मेयर यांनी सायकलसाठी तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं. त्यांच्या चाकात प्रत्येक तार वेगवेगळी ताणता येत असे. आउट काढण्याची कला खऱ्या अर्थाने इथून शक्य झाली.

पण या तारा मधल्या हबमधून सरळ बाहेर जात, सूर्याच्या किरणांसारख्या. पायडल मारलं की हब फिरे, तारा पिळवटत आणि रिम मागून यायची. यावर इलाज काढला कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी, १८७४ साली. त्यांनी तारा तिरप्या लावल्या. अर्ध्या पुढे ओढणाऱ्या, अर्ध्या मागे ओढणाऱ्या, एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या. आज गल्लीतल्या सायकलला दिसते ती रचना मुळात हीच. पुढे त्यांचेच पुतणे जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ साली दोन सारख्या चाकांची रोव्हर सायकल आणली, १८८८ साली डनलॉप यांनी हवेचा टायर आणला, आणि आपल्या ओळखीची सायकल तयार झाली.

आता मिस्त्रींच्या वाक्याकडे या. चाक भरताना सगळ्या तारा आधीच ताणलेल्या असतात. एकेका तारेत माणसाच्या वजनाएवढी ओढ असू शकते. तुम्ही सायकलवर बसलात की जमिनीलगतच्या चार-पाच तारांची ओढ थोडी कमी होते, बाकीच्यांना फारसं काही कळत नाही. ओढ कमी झाली तरी ती संपत नाही, म्हणून तार वाकत नाही. तार सैल राहिली, तर प्रत्येक फेरीला ती ढिली पडते, ताणली जाते, पुन्हा ढिली पडते आणि एक दिवस हबजवळच्या बाकावर तुटते. उलट सगळ्या तारा अति आवळल्या, तर चाळीस बाजूंनी आत ओढली जाणारी रिम आधीच मेटाकुटीला येते. मग एक तिरका धक्का, आणि पापड. मी नेमकं हेच केलं होतं.

आठवडाभर संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो. आपल्याकडच्या साध्या सायकलला पुढे ३२ तारा आणि मागे ४०, ही जुनी इंग्रजी पद्धत. चाळीसपैकी वीस हबच्या एका बाजूला, वीस दुसऱ्या. ते तारा मुठीत घेऊन हबच्या भोकांत ओवत, एक आतून, एक बाहेरून. मग तिरप्या करून रिमच्या भोकांशी नेत आणि प्रत्येक निपल दोन-चार आटे फिरवून सोडत. पहिली तार चुकीच्या भोकात गेली तर चाळिसावीला कळतं, आणि सगळं उकलावं लागतं. माझं तसं दोनदा झालं.

भरून झालं की खरं काम. चाक फ्रेममध्ये उलटं टांगायचं, रिमजवळ खडू स्थिर धरायचा आणि चाक फिरवायचं. खडू जिथे लागेल तिथे रिम बाहेर आलीय. ती उजवीकडे गेली असेल तर तिथल्या उजव्या बाजूच्या तारा किंचित सैल, डाव्या किंचित घट्ट. किंचित म्हणजे पाव फेरा. मी अर्धा फेरा द्यायचो आणि आउट पलीकडे जायचा. ते म्हणायचे, एक तार फिरवलीत की शेजारच्या चौघींचा हिशेब बदलतो. मग गोलाई बघायची, चाक उड्या मारतंय का ते. शेवटी तारा जोडी-जोडीने मुठीत धरून जोरात दाबायच्या. कट-कट आवाज येतो, पीळ सुटतो, चाक पुन्हा थोडं आउट होतं आणि पुन्हा काढायचं. या शेवटच्या दाबण्याचं कारण मला अमेरिकी अभियंता जॉब्स्ट ब्रँट यांच्या १९८१ साली निघालेल्या सायकलच्या चाकावरच्या पुस्तकात पुढे सापडलं. मिस्त्रींनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यांचे तळहात ते कारण ओळखून होते.

आता तुम्ही विचाराल, कर्नलसाहेब, यात इतिहास कुठे आला? तर चला मलायात.

डिसेंबर १९४१. जनरल यामाशिता यांच्या हाताखालचं जपानी सैन्य उत्तर मलायात आणि थायलंडच्या किनाऱ्यावर उतरलं. समोर ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि फार मोठ्या संख्येने आपले भारतीय जवान. जपानी पायदळाच्या एकेका डिव्हिजनकडे हजारोंनी सायकली होत्या. पूल उडवला की मोटारी अडतात. सायकलस्वार सायकल खांद्यावर घेऊन नदी ओलांडतो आणि पुढे निघतो. आपले लोक माघार घेऊन नवी फळी धरायचे, आणि ती बसते न बसते तोच हे मागे हजर. साधारण ११०० किलोमीटर, ५५ दिवसांत. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडलं आणि आपले हजारो जवान कैदेत गेले.

पाठ्यपुस्तकात सायकलीचा उल्लेख येतो, चाकाचा येत नाही. एक हिशेब करू. अठ्ठावीस इंची चाक किलोमीटरला सुमारे साडेचारशे फेऱ्या घेतं. ११०० किलोमीटरला जवळजवळ पाच लाख. म्हणजे एकेका तारेची ओढ पाच लाख वेळा कमी-जास्त होते, वर शिपाई आणि त्याचं सामान. उष्णतेने टायर फुटत, तेव्हा ते नुसत्या रिमवर सायकली हाकत. रात्री डांबरी रस्त्यावर तो खडखडाट ऐकून रणगाडे आले असं वाटे. टायर नसलेलं चाक दिवसभर चालवल्यावर त्याच्या तारांचं काय होत असेल, हे तुम्हाला आता सांगायला नको. म्हणूनच त्यांच्या कंपन्यांबरोबर सायकल दुरुस्त करणारे शिपाई होते. मलायात आधीपासून जपानी सायकली खपत, त्यामुळे सुटे भाग गावोगाव मिळत. युद्धाच्या नकाशावर मोठे बाण काढलेले असतात. त्या बाणांच्या मागे कुणीतरी रात्री चाकाजवळ बसून पाव-पाव फेरा देत होतं.

बारा वर्षांनी हेच दिएन बिएन फू इथे घडलं. १९५४ साली व्हिएतनामी हमालांनी सायकलींवर दोनशे किलोहून जास्त ओझं लादून, हँडलला बांबू बांधून, डोंगरातून ढकलत नेलं. फ्रेंचांना वाटलं होतं, इतकी रसद इथवर पोहोचणारच नाही.

आणि आपल्याकडे? स्वातंत्र्यानंतर सायकल हे सामान्य माणसाचं वाहन झालं. मुंबईत हिंद, आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ टी. आय., सोनीपतला ॲटलस. फाळणीत कमालियाहून आलेल्या मुंजाल बंधूंनी आधी सुट्या भागांचा धंदा केला आणि १९५६ साली लुधियानात हीरो सायकल सुरू केली. पण अनेक ठिकाणी सायकल दुकानात सुटी येई आणि रिंग तिथेच भरली जाई. कारखान्याचं पोलाद आणि दूधवाल्याचे चार कॅन यांच्या मध्ये उभा होता तो गल्लीतला मिस्त्री. त्याचा हात चुकला तर दूध सांडणार, किंवा कुणाचा तरी खांदा मोडणार.

आज मोठ्या कारखान्यांत यंत्रं तारा ताणतात, आणि चांगल्या ताणतात. माझी तक्रार यंत्राविषयी नाही. परवा नातवाच्या सायकलचा आउट काढायला गेलो, तर दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, चाकच बदलून टाका." नऊ रुपयांचं काम नव्हतं ते, पण नव्या चाकाचंही नव्हतं. मी घरी आणून स्वतः काढला. दीड तास लागला. मिस्त्रींना वीस मिनिटं लागत.

तो लान्स नाईक पुढे सुभेदार होऊन निवृत्त झाला. दर दिवाळीला त्याचा फोन येतो. हात अजून पूर्ण वर जात नाही. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही, मीच विचारतो. आणि नंतर पुढच्या एकोणीस-वीस वर्षांच्या नोकरीत, कुठल्याही पथकाला "अजून आवळा" असं सांगण्याआधी, मला नखाने छेडलेली ती तार ऐकू यायची.

घरात सायकल असेल तर आज एक करा. मागच्या चाकाच्या शेजारच्या दोन तारा चिमटीत धरून दाबा. मग पुढच्या दोन. सगळीकडे हाताला सारखंच लागतंय का, एवढं पाहा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.