रोलर कोस्टरची प्रवासी क्षमता : थरार, वेळ आणि सुरक्षितता यांचे गणित

मनोरंजन उद्यानातील रोलर कोस्टरची ओळख सहसा त्याची उंची आणि वेग यांवरून करून दिली जाते. उद्यान उभारणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र तिसरा आकडाही तितकाच महत्त्वाचा असतो; तो म्हणजे तासाभरात किती जणांना फेरी मारता येते. रांगेत किती वेळ थांबावे लागणार आणि केलेली गुंतवणूक कधी वसूल होणार, हे याच आकड्यावर ठरते.

रायगड जिल्ह्यातील खोपोलीनजीकच्या इमॅजिका उद्यानातील ‘नायट्रो’ हे याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण आहे. २०१३ साली सुरू झालेल्या या रोलर कोस्टरची उंची सुमारे ४० मीटर आहे. एका फेरीत प्रवासी पाच वेळा उलटे होतात. स्वित्झर्लंडमधील बोलिगर अँड माबियार या कंपनीने तो तयार केला. गाडीला तळ नसल्याने प्रवाशांचे पाय अधांतरी लोंबकळतात. या प्रकारातील जगातील पहिला रोलर कोस्टर, ‘मेडुसा’, १९९९ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथे सुरू झाला होता.

क्षमता कशी ठरते?

गाडीतील आसने आणि तासाभरात सुटणाऱ्या गाड्या यांचा गुणाकार म्हणजे ताशी प्रवासी क्षमता. समजा, एका गाडीत चार आसनांच्या सात रांगा, म्हणजे २८ आसने आहेत. दर ९० सेकंदांनी गाडी सुटल्यास तासाला ४० फेऱ्या होतात आणि १,१२० जण प्रवास करतात. प्रत्येक वेळी केवळ ३० सेकंदांचा विलंब झाला, तर फेऱ्या ३० वर येतात आणि प्रवासी ८४० उरतात. रांगेत ५०० जण असतील, तर शेवटच्या व्यक्तीला सुमारे २७ मिनिटांऐवजी ३६ मिनिटे थांबावे लागते.

गाड्या वाढवणे हा यावरील सरळ उपाय वाटतो. तथापि, सुरक्षेसाठी संपूर्ण मार्ग अनेक खंडांत विभागलेला असतो आणि एका खंडात एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढील खंड मोकळा नसेल, तर यंत्रणा मागील गाडी थांबवते. फलाटावर चढ-उतारास वेळ लागत असेल, तर जादा गाडी बाहेर ब्रेकवर नुसती ताटकळत राहते. बंगळुरूच्या वंडरलातील ‘रिकॉइल’ याहून वेगळा आहे. त्याची गाडी त्याच रुळांवरून उलट दिशेने परतते. अशा रचनेला जागा कमी लागते, पण मार्गावर एकच गाडी धावू शकते.

रचनेतील तडजोडी

तळरहित गाडीचा थरार अधिक असला, तरी फलाटावर चढण्यासाठी सरकती जमीन लागते. गाडी सुटण्यापूर्वी ती बाजूला करावी लागते. पाय मोकळे असल्याने सैल चपला आणि पादत्राणे काढून ठेवावी लागतात. ओढणी, चष्मा, मोबाइल यांचीही सोय करावी लागते. या सर्वांत वेळ जातो. एका रांगेत चार आसने ठेवल्यास क्षमता वाढते, मात्र गाडी रुंद आणि जड होते. तिचे वजन पेलण्यासाठी रूळ आणि खांब अधिक भक्कम लागतात.

क्षमतेकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचा धडा इतिहासात आहे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९०१ साली ‘लूप द लूप’ सुरू झाला. त्याचे वर्तुळ लंबगोल असल्याने पूर्वीच्या गोल वर्तुळाच्या तुलनेत मानेला बसणारा झटका कमी होता. पण गाडीत जेमतेम चौघे बसत. बसणाऱ्यांपेक्षा पाहणाऱ्यांचीच गर्दी अधिक झाली. पुरेसे उत्पन्न न मिळाल्याने तो फार काळ टिकला नाही.

वेळ वाचवावा कोठे?

प्रत्येक फेरीपूर्वी कर्मचारी प्रत्येक आसनाचा सुरक्षा दांडा हाताने ओढून तपासतात. रांग लांबली की सर्वप्रथम याच कामावर घाईचा ताण येतो. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीतील कापसहेडा येथील एका उद्यानात रोलर कोस्टरवरून पडून २४ वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला. अशा साधनांत चुकीला वाव किती कमी असतो, हे या दुर्घटनेने दाखवून दिले. युरोपातील ईएन १३८१४ आणि अमेरिकेतील एएसटीएम एफ २२९१ ही मानके या साधनांच्या सुरक्षित रचनेसाठीच आहेत.

त्यामुळे वेळ वाचवायचा तो तपासणीत नव्हे, तर तिच्याआधी. सामान ठेवण्यासाठी फलाटाबाहेर कप्पे, उंचीची मोजणी रांगेच्या सुरुवातीलाच, चढण्या-उतरण्यासाठी वेगळ्या बाजू आणि रिकाम्या आसनांसाठी एकट्या प्रवाशांची स्वतंत्र रांग, हे त्याचे रूढ उपाय आहेत. ते आराखड्यातच अंतर्भूत करावे लागतात. फलाट एकदा बांधून झाल्यावर तो रुंद करणे खर्चिक आणि अवघड ठरते.