ग्रीक देवतामूर्ती, महाराष्ट्रातील

ग्रीक पुराणकथांतील देवदेवतांच्या ज्या मूर्ती व प्रतिमा प्राचीन काळापासून महाराष्ट्रात आल्या, त्यांची संख्या अल्प आहे. परंतु त्या कोणत्या मार्गाने आल्या आणि येथे आल्यावर त्यांचे काय झाले, हा प्रश्न सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ग्रीक लोक या भूमीत आले, राहिले, त्यांनी येथील धर्मसंस्थांना दानेही दिली. मात्र त्यांच्या देवांना येथे देवालय लाभल्याचा पुरावा नाही. ग्रीक देव आले ते नाण्यांवरून, व्यापारी मालाबरोबर आणि पुढे एकोणिसाव्या शतकात शहराची शोभा म्हणून. मूर्ती आली, पण तिची कथा बहुधा बंदरापलीकडेच राहिली.

या संपर्काची जुनी भूमी म्हणजे उत्तर कोकण, अर्थात प्राचीन अपरांत. डहाणू, तारापूर, पालघर व सोपारे हा सलग किनारा पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता; १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. त्याच्या दक्षिण भागातील सोपारे (शूर्पारक) हे मोठे बंदर होते. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथे १८८२ मध्ये व नवव्याचा १९५६ मध्ये मिळाला. महावंस या पाली ग्रंथानुसार तिसऱ्या धर्मसंगीतीनंतर अपरांतात धर्मप्रसारासाठी जो भिक्षू पाठविण्यात आला, तो धम्मरक्खित हा ‘योन’ म्हणजे यवन होता. यवन ही संज्ञा पुढे पश्चिमेकडील परकीयांना सैलपणे लावली गेली. तथापि तिचे मूळ आयोनियन ग्रीकांच्या नावात आहे. म्हणजे या किनाऱ्याशी परंपरेने जोडलेला पहिला नामांकित ग्रीक हा झ्यूसचा वा अपोलोचा उपासक म्हणून नव्हे, तर बुद्धाचा धर्म सांगणारा म्हणून आला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात हा किनारा ग्रीक खलाशांच्या चांगल्या परिचयाचा होता. ईजिप्तमधील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या पेरिप्लस या प्रवासमार्गदर्शक ग्रंथात बॅरिगाझा (भडोच), सुप्पारा (सोपारे) व कॅलिएना (कल्याण) यांचा उल्लेख येतो. कल्याणला चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही तो सांगतो; सातवाहन व क्षहरात यांच्यातील व्यापारी चुरस त्यातून दिसते. क्षहरात राजा नहपान याचा जामात उषवदात याच्या नासिक येथील लेखात पारदा, दमणा, तापी, डाहणुका इ. नद्यांवर त्याने विनामूल्य तरी चालू केल्याचे व शूर्पारकास धर्मशाळा बांधल्याचे नमूद आहे. डाहणुका ही डहाणूचीच नदी होय. भडोचहून सोपाऱ्याकडे किनाऱ्याने जाणाऱ्या वाटसरूला आजच्या पालघर-तारापूरच्या भूमीतूनच जावे लागे. त्याच्या कनवटीला असलेल्या नाण्यांवर ग्रीक देव असण्याचा संभव होता.

कारण पेरिप्लसचा कर्ता लिहितो, की भडोचच्या बाजारात अपोलोडोटस व मिनँडर यांची ग्रीक अक्षरांची जुनी द्रम्मे अजून चालतात. हे दोघे वायव्य भारतातील इंडो-ग्रीक राजे. मिनँडर म्हणजे मिलिंदपञ्ह या ग्रंथातील मिलिंद. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस राजाचा मुखवटा व दुसऱ्या बाजूस वज्र फेकण्याच्या पवित्र्यातील अथीना देवी असते. अपोलोडोटसच्या काही नाण्यांवर अपोलो व त्याची तिवई दिसते. अथीना ही झ्यूसच्या मस्तकातून पूर्ण शस्त्रसज्ज अशी जन्मली, अशी कथा आहे. अथेन्स नगरीच्या स्वामित्वासाठी समुद्रदेव पोसायडन व ती यांच्यात स्पर्धा लागली. त्याने त्रिशूळ मारून खडकातून खाऱ्या पाण्याचा झरा काढला, तिने ऑलिव्हचे झाड दिले आणि नगर तिचे झाले. मॅसिडोनियातील पेला येथे तिची ‘लोकरक्षक’ या बिरुदाने पूजा होई आणि नाण्यावरील वज्रधारिणी याच रूपाशी जोडली जाते. भडोचच्या सराफाला यातले काय ठाऊक असणार? त्याला चांदीचा कस पाहिजे होता. पुढील घडामोड अधिक बोलकी आहे. नहपानाने आपल्या चांदीच्या नाण्यांवर राजमुख ठेवले, कडेने ग्रीक अक्षरेही ठेवली, परंतु देवी काढून टाकली. तिच्या जागी बाण व वज्र ही चिन्हे आली. १९०६ मध्ये नासिकजवळील जोगळटेंभी येथे नहपानाच्या सु. १३,२५० नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटात उत्खनन केले, तेव्हा स्तूपाच्या गर्भातून धातूंचे व स्फटिकाचे करंडक, भिक्षापात्राचे मानलेले तुकडे, बुद्धांच्या आठ ब्राँझ मूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे बाहेर आले. या नाण्यावरही राजाचा मुखवटा आहे. मुखवट्याची रीत ग्रीकांची होती. ती सोपाऱ्याच्या स्तूपापर्यंत पोहोचली, देवता मात्र वाटेत गळून पडल्या.

येथे स्थायिक झालेल्या यवनांचे वर्तनही याला जुळणारेच आहे. कार्ले येथील चैत्यगृहाचे अनेक स्तंभ धेनुकाकट या गावच्या यवनांनी दिलेले असून दात्यांमध्ये सिंहध्वज, धर्म अशी नावे आढळतात. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट व चंद या यवनांची दाने कोरलेली आहेत. नासिकच्या सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडील दात्तामित्रीचा योनक होता. त्याच्या बापाचे नाव धर्मदेव. यांनी आपल्या देवाची एखादी लहानशी प्रतिमाही लेण्यात कोरून ठेवलेली नाही. भाजे येथील रथारूढ देवतेच्या शिल्पात काही अभ्यासकांना ग्रीक सूर्यदेव हीलिऑसची छाया दिसली आहे. परंतु रथातून जाणारा सूर्य ऋग्वेदकाळापासून आपल्या परिचयाचा असल्याने त्यासाठी ग्रीसपर्यंत जाण्याची गरज नाही.

या पार्श्वभूमीवर कोल्हापूरच्या पोसायडनचे महत्त्व कळते. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी या टेकाडाचे उत्खनन प्रथम प्रा. के. जी. कुंदणगार यांनी व नंतर १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकळिया व मो. गं. दीक्षित यांनी केले. तेथे सातवाहनकालीन वस्तीतील ब्राँझ वस्तूंच्या साठ्यात पोसायडनची एक छोटी मूर्ती मिळाली. दाढीधारी, नग्न, भरदार अंगाचा हा देव रोमन साम्राज्यातील कारागिरांनी ओतलेला असून हातातील त्रिशूळ आता नाही. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ती ठेवली आहे. महाराष्ट्राच्या भूमीतून मिळालेली ग्रीक देवाची ही सर्वांत प्रसिद्ध मूर्ती होय.

पोसायडन हा झ्यूस व हेडीझ यांचा भाऊ. पित्याचा पाडाव झाल्यावर तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकून जग वाटून घेतले. झ्यूसला आकाश, हेडीझला पाताळ व पोसायडनला समुद्र आला. भूकंप घडविणारा व अश्वांचा स्वामी म्हणूनही त्याचा लौकिक होता. तो कोपिष्ट असे. ओडिसियसने त्याच्या एकाक्ष पुत्राला, पॉलिफीमसला आंधळे केले, म्हणून त्याने त्या वीराला वर्षानुवर्षे समुद्रावर भटकत ठेवले. अशा देवाला तांबड्या समुद्रातून मोसमी वाऱ्यावर निघणारा खलाशी नवस करणार, हे उघड आहे. पण कोल्हापूर सह्याद्रीच्या पलीकडे, समुद्रापासून बरेच आत आहे. तेथे तो कशासाठी आला?

याची तीन उत्तरे संभवतात. एखाद्या यवन व्यापाऱ्याने ती आपल्या उपासनेसाठी बाळगली असेल. मोडीचा धातू म्हणून ती आली असेल. किंवा सुबक परदेशी वस्तू म्हणून एखाद्या श्रीमंताने ती विकत घेतली असेल. पहिल्या उत्तराला आधार कमी आहे, कारण मूर्तीबरोबर पूजास्थानाची खूण नाही आणि त्याच साठ्यात आरसे, भांडी असा देशी-विदेशी मिश्र माल होता. दुसरे उत्तर सहज टाकून देता येत नाही. भडोचला येणाऱ्या मालाच्या यादीत पेरिप्लस तांबे, कथील व शिसे सांगतो. राजासाठी चांदीची पात्रे, गाणारी मुले, सुंदर मुली व उंची मद्य सांगतो. पुतळे मात्र सांगत नाही. हाच लेखक दक्षिण अरबस्तानातील काने बंदराच्या यादीत राजासाठी पुतळ्यांचा उल्लेख करतो. म्हणजे मूर्तींचा व्यापार त्याला माहीत होता, पण आपल्या किनाऱ्यावर त्यांना नियमित गिऱ्हाईक नव्हते असे दिसते. तरीही तिसरे उत्तर सर्वांत समाधानकारक वाटते: घडण उत्तम, आकार हाताळण्याजोगा, आणि ज्याने ती मोडीत न घालता जपून ठेवली त्याला तिचे काही मोल वाटत होते. त्या गृहस्थाच्या लेखी हा कोणता देव होता, हे सांगता येत नाही. हातात त्रिशूळ शाबूत असताना ती कोल्हापुरी डोळ्यांना शिवाची वाटली असेल, अशी कल्पना करण्यास मात्र हरकत नाही.

उलट दिशेचे एक उदाहरण येथे उपयोगी पडते. व्हीस्यूव्हियसच्या उद्रेकात इ. स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरीत १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. प्रारंभी तिला लक्ष्मी म्हटले गेले. आता यक्षी म्हणणे अधिक योग्य मानतात. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती महाराष्ट्रात तेर व भोकरदन येथे मिळाल्या आहेत. पाँपेईतील मूर्तीच्या डोक्यात वरून भोक आहे. ती आरशाची मूठ किंवा लहान तिवईचा पाय असावी. त्या इटालियन घरात कोणी तिला नमस्कार केला असेल असे वाटत नाही. दख्खनमध्ये पोसायडन व इटलीत यक्षी, दोघांचीही गत सारखीच झाली. समुद्र ओलांडताच देवतेची वस्तू झाली.

त्यानंतर दीर्घ काळ या विषयात सांगण्यासारखे थोडे आहे. पोर्तुगीजांनी १५३४ पासून वसईवर सत्ता चालविली. तारापूरचा किल्लाही त्यांचाच होता. तो मराठ्यांनी १७३९ च्या आरंभी घेतला आणि त्याच वर्षी वसई पडली. वसईच्या भग्न चर्चांच्या दर्शनी भागांत ग्रीको-रोमन धर्तीचे स्तंभ आजही उभे आहेत. ग्रीक मंदिराचे खांब ख्रिस्ती प्रार्थनागृहाला लागले. त्या मंदिरातील देवांना अर्थातच तेथे स्थान नव्हते.

ब्रिटिश मुंबईत या देवता पुन्हा अवतरल्या. १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या टाऊन हॉलला डोरिक स्तंभ लाभले. १८६४ मध्ये किल्ल्याच्या चर्चगेट या वेशीच्या जागी फ्लोरा फाउंटन हे कारंजे उभे राहिले. त्याचा आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, शिल्पकाम जेम्स फोर्साइथ यांचे व दगड इंग्लंडमधील पोर्टलंडचा आहे. एकूण ४७,००० रुपये खर्चापैकी २०,००० रुपये करसेटजी फर्दूनजी पारेख यांनी दिले. हे कारंजे मुळात व्हिक्टोरिया उद्यानासाठी योजिले होते, म्हणून माथ्यावर फुलांची देवी. फ्लोरा ही रोमन देवता. ऑव्हिड या कवीने तिला ग्रीक अप्सरा क्लोरिसशी एकरूप मानले आहे. पश्चिमवारा झेफिरस याने क्लोरिसचे हरण केले व तिला पत्नी करून फुलांचे राज्य दिले, अशी ती कथा. मुंबईकरांनी देवीचे नाव घेतले ते बसथांब्याचे म्हणून. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी जमलेल्यांवर येथे गोळीबार झाला. १९६० मध्ये चौकास हुतात्मा चौक हे नाव मिळाले आणि फ्लोराशेजारी मशाल घेतलेल्या जोडीचे हुतात्मा स्मारक उभे राहिले. एका देवीची कथा कोणालाच ठाऊक नाही व शेजारच्या स्मारकाची सर्वांना ठाऊक आहे, असा हा दुर्मिळ चौक होय. कारंज्याची दुरुस्ती होऊन ते २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाले.

या मूर्तींचा खरा परिणाम झाला तो कलाशिक्षणावर. १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेत ग्रीक मूर्तींच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृतींवरून विद्यार्थी रेखन शिकत. तेथील विद्यार्थी गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ च्या सुमारास घडविलेली मंदिरपथगामिनी ही नऊवारी नेसून पूजेला निघालेल्या तरुणीची मूर्ती सर्वश्रुत आहे. एका पायावर तोललेला देहभार आणि अंगाला बिलगणाऱ्या वस्त्राच्या चुण्या ही ग्रीक मूर्तिकाराची विद्या, तर नेसण, पूजेची तयारी व चालण्यातील संकोच मराठी घरातला. ग्रीक देव ज्या दारातून आत येऊ शकला नाही, तेथून त्याच्या शिल्पकाराची हातोटी सहज आत आली.

प्लॅस्टरच्या जागी पुढे फायबर व राळेचे साचे आले आणि व्हीनस, अपोलो यांच्या लहान प्रतिकृती मध्यमवर्गीय बैठकीच्या खोल्यांतही दिसू लागल्या. त्यांत अधिक खपते ती मिलोची व्हीनस. मूळ संगमरवरी मूर्ती १८२० मध्ये मीलॉस बेटावर सापडली व पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. ती ग्रीकांची अ‍ॅफ्रोडाइटी, समुद्राच्या फेसातून जन्मलेली प्रेमदेवता मानली जाते. तिचे दोन्ही हात तुटलेले आहेत. आपल्याकडे भंगलेली मूर्ती पूजेस वर्ज्य मानून तिचे विसर्जन करतात. ही मूर्ती मात्र कारखान्यातून भंगलेल्या अवस्थेतच ओतून निघते व त्याच रूपात कौतुकाने मांडली जाते. शोभेची वस्तू आणि देवमूर्ती यांतील भेद आपल्या घरांत किती पक्का आहे, ते यावरून दिसते.