भेट, पालक–बालक (बालगृहातील)

बाल न्याय व्यवस्थेच्या ताब्यात असलेल्या मुलाला आईवडिलांनी व नातेवाइकांनी ठरलेल्या वेळी भेटण्याची, तसेच पत्र व फोनद्वारे संबंध टिकवण्याची नियमबद्ध सोय. भारतात तिला बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 व त्याखालील नियमांचा आधार आहे. हा अधिनियम 15 जानेवारी 2016 पासून अंमलात आला. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आणि घरी परत पाठवणे हे पहिले उद्दिष्ट, असे त्यातील तत्त्व आहे. असे असूनही बालगृहातील भेटीसाठी मूळ अधिनियमात स्वतंत्र कलम नाही. हा विषय नियमांवर आणि व्यवहारात बराचसा अधीक्षकावर सोपवलेला दिसतो.

पूर्वपीठिका : मुंबई इलाख्यात 1924 साली बालक अधिनियम झाला आणि 1927 मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचे उमरखाडी येथील बालगृह जुन्या तुरुंगाच्या इमारतीत आले. वाईट संगतीतून आणि वाईट घरातून मूल बाहेर काढले की ते सुधारते, या समजुतीचा तो काळ होता. त्या समजुतीत पालकांच्या भेटीला सवलतीपलीकडे स्थान मिळणे कठीणच होते. भारताने 11 डिसेंबर 1992 रोजी संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्याच्या नवव्या अनुच्छेदानुसार आईवडिलांपासून दुरावलेल्या मुलाला त्यांच्याशी नियमित, प्रत्यक्ष संबंध ठेवण्याचा हक्क आहे. मुलाच्या हिताला बाध येत असेल तेवढाच अपवाद. हा हक्क मुलाचा आहे. बालगृहाच्या फाटकावर मात्र तो पालकांना दिलेली परवानगी म्हणूनच वावरतो.

कार्यपद्धती : सापडलेल्या वा आणलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात. सामाजिक तपासणी 15 दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा, असे अधिनियम सांगतो. पालकांची ओळख पटणे, परिविक्षा अधिकाऱ्याची गृहचौकशी आणि भेटी हे सारे याच मुदतीत चालते. भेटीचा वार व वेळ संस्था ठरवते. विशेष कारण असल्यास अधीक्षक जास्तीची भेट देऊ शकतो. ज्या पालकाने वा नातेवाइकाने मुलावर हिंसा, अत्याचार किंवा त्याचे शोषण केल्याचे आढळले आहे, त्याला भेट मिळत नाही. पालकांचा पत्ता माहीत असल्यास मुलाने महिन्याला निदान एक पत्र लिहावे आणि टपालखर्च संस्थेने द्यावा, असाही नियम आहे. अधीक्षकाला पत्र वाचता येते. कारण नोंदवून ते अडवताही येते. फोन घरोघरी पोहोचल्यावर या नियमाचे महत्त्व ओसरले, पत्र वाचण्याचा अधिकार तेवढा राहिला.

रजा : कलम 98 नुसार परीक्षा, नातेवाइकाचे लग्न, मृत्यू, पालकाचा अपघात वा गंभीर आजार अशा प्रसंगी मुलाला देखरेखीखाली घरी जाऊ देता येते, प्रवास वगळून एका वेळी साधारणपणे सात दिवस.

महाराष्ट्रातील स्थिती : राज्याचे स्वतंत्र नियम 2018 चे आहेत. स्वयंसेवी संस्थांच्या बालगृहांत अनेक मुले अत्याचारामुळे नव्हे, तर दारिद्र्यामुळे आलेली असतात. आई विधवा किंवा टाकलेली, हाताला रोजंदारी, गावात शाळेची आबाळ. अशा आईपुढे अडचण भेटीच्या परवानगीची नसते. एसटीचे भाडे आणि बुडणारा रोज यांची असते. इंग्लंडच्या 1989 च्या बालक अधिनियमात गरजू पालकांचा भेटीचा खर्च स्थानिक प्रशासनाने देण्याची मुभा आहे; आपल्या अधिनियमात तशी तरतूद नाही. त्यामुळे भेट द्यायला कोणी येत नाही, एवढ्यावरून ‘पालकांना आस्था नाही’ असा शेरा मारणे अन्यायाचे ठरते. बालसंगोपन योजनेत मूल घरी वा नातेवाइकांकडे ठेवून अनुदान मिळते आणि भेटीचा प्रश्नच उरत नाही. मुलगे व मुली यांची बालगृहे वेगळी असल्याने दुरावलेल्या सख्ख्या भावंडांच्या भेटीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

बंदी मातांची मुले : या विषयावर सर्वांत स्पष्ट आदेश तुरुंगाच्या संदर्भात मिळतो. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 13 एप्रिल 2006 रोजी मार्गदर्शक सूचना दिल्या. मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू शकते. पुढे ते नातेवाइकांकडे किंवा समाजकल्याण खात्याच्या संस्थेत जाते. ती संस्था शक्यतो तुरुंग असलेल्या शहराबाहेरची नसावी. संस्थेतील मुलाची आईशी आठवड्यातून किमान एकदा भेट व्हावी आणि तुरुंग अधीक्षकाने ठरवलेल्या दिवशी मुलाला तेथे आणण्याची जबाबदारी खात्याच्या संचालकाची. येथे प्रवासाचा भार शासनावर टाकला आहे, हे ध्यानात घ्यावे. बाहेरच्या गरीब आईला हे मिळालेले नाही. मुंबईच्या तुरुंगांत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून काम करतो. नागपूर, येरवडा येथील कारागृहांत ‘गळाभेट’ उपक्रम झाले. एरवीच्या मुलाखतीत जाळी किंवा काच आड येते, गळाभेटीत मुलांना आईवडिलांच्या मांडीवर बसता येते. असा उपक्रम प्रसंगोपात्त असतो, त्यामुळे आठवड्याच्या भेटीची जागा तो घेऊ शकत नाही.

प्रतिपालक कुटुंब : पालक अपात्र वा असमर्थ ठरल्याने मूल दुसऱ्या कुटुंबात ठेवले असेल, तर आईवडील त्याला ठरावीक अंतराने भेटू शकतात. भेट मुलाच्या हिताची नाही असे समितीला वाटल्यास तिने कारणे नोंदवून नकार द्यायचा असतो (कलम 44).

निरीक्षणगृह : विधिसंघर्षग्रस्त (गुन्ह्याचा आरोप असलेल्या) बालकांच्या बाबतीत वर सांगितलेल्या रजेची परवानगी समिती नव्हे, तर बाल न्याय मंडळ देते.

गोपनीयता : कलम 74 नुसार मुलाची ओळख उघड करण्यास मनाई असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सणासुदीच्या भेटींची छायाचित्रे छापताना वृत्तपत्रांना याचा विसर पडतो.

गोवा : 2003 चा गोवा बालक अधिनियम, मेरशी येथे ‘अपना घर’ ही शासकीय संस्था.